थप्पीमास्तरांच्या गोदामाची पाटी

थप्पीमास्तर शाळेत मास्तर कधीच नव्हते. शाळेशी त्यांचा संबंध सातवीपर्यंतचा, आणि तोही दोन्ही बाजूंनी फारसा प्रेमाचा नव्हता. पण गोदामात धान्याची पोती एकावर एक रचून जी थप्पी उभी करतात, ती त्यांनी रचली की ओळंबा लावून बघावी इतकी सरळ असे. नवे हमाल त्यांच्या हाताखाली शिकत, म्हणून ते मास्तर. खरे नाव पगारपत्रकावर होते आणि ते तिथेच राहिले. बायकोलासुद्धा शेजारणी मास्तरीणबाई म्हणत, आणि ती म्हणे, "मला एकदा तरी शिकवू द्या म्हणावं ह्यांना, मग हाक मारा."

गोदाम होते गावाबाहेरच्या चढावर. खाली रेल्वे स्टेशन, मागे डोंगराकडे जाणारा अरुंद रस्ता, आणि मध्ये हे पत्र्याच्या उंच छपराचे लांबलचक गोदाम. दार लोखंडी, रुळावर सरकणारे. ते ओढायला दोन माणसे लागत, पण मास्तर एका विशिष्ट जागी खांदा लावून एकटेच ओढत आणि ती जागा कोणाला सांगत नसत. आत शिरले की आधी बारदानाचा वास, मग गव्हाचा, मग किडीसाठी दिलेल्या धुरीचा. जमिनीची ओल लागू नये म्हणून खाली लाकडी चौकटी, चौकटींवर पोती, आणि प्रत्येक थप्पीच्या चारही बाजूंनी वाट. ती वाट म्हणजे मास्तरांचा धर्म होता. "माणूस फिरला पाहिजे, वारा फिरला पाहिजे," असे ते प्रत्येक नव्या हमालाला पहिल्याच दिवशी ऐकवत. वाट असली तर मधले पोते चाचपता येते, धुरी सगळीकडे पोचते, वारा खेळतो. वाट बुजली तर थप्पी आतून तापते, आणि बाहेरच्या पोत्याला वास येईपर्यंत आतल्या धान्याची वाट लागलेली असते.

मास्तर आयुष्यभर ह्या एका नियमाने वागले. एकदाच वागले नाहीत, आणि नेमकी त्याच वेळची पाटी गोदामाच्या दारावर लागली होती.

त्याचे असे झाले. मास्तर तरुण होते तेव्हा एका पावसाळ्यात नदी फुगली आणि स्टेशनाजवळची दोन्ही गोदामे पाण्यात जायला लागली. सगळे धान्य चढावर आणायचे ठरले. हमाल, स्टेशनातले लोक, दुकानदार, जो सापडला तो खांद्याला लागला. पोती आत येत राहिली आणि मास्तर रचत राहिले, पार छपराच्या वाशांना टेकेपर्यंत. शेवटचे पोते आत गेले तेव्हा मोजणी निघाली दहा हजार. एकही दाणा भिजला नाही. त्या वेळच्या साहेबांनी खूश होऊन दारावर मोठ्या अक्षरांत पाटीच रंगवून घेतली: 'या गोदामात दहा हजार पोती मावतात.'

त्या दिवसापासून मास्तरांच्या अंगावर जे मूठभर मांस चढले ते कधी उतरले नाही. चहाच्या टपरीवर नवा माणूस दिसला की गोष्ट सुरू. ड्रायव्हर असो, तपासनीस असो, रस्ता चुकलेला प्रवासी असो, दहा हजार पोती ऐकल्याशिवाय त्याची सुटका नव्हती. आणि कुठलीही गोष्ट वर्षानुवर्षे सांगितली की तिच्यातले जड शब्द गळून पडतात, तसे ह्याही गोष्टीतले गळत गेले. पाणी राहिले, अंधार राहिला, खांदे सोललेले हमाल राहिले, दहा हजार तर राहिलेच. बाकीचे कुठे गेले ते मास्तरांनाही आठवेनासे झाले. मास्तरीणबाईंचे कान ऐकून ऐकून किटले होते. "आणखी थोडी वर्षं थांबा," त्या म्हणत, "ह्यांच्या गोदामात नदीसुद्धा मावेल."

मास्तरांना एकच मुलगी. तिला घरात आणि गोदामात सगळे मोजणीबाई म्हणत, कारण बोलायला लागल्यापासून ती मोजतच होती. पायऱ्या, चिमण्या, हमालांच्या शिंका, काहीही. शाळा सुटली की ती गोदामाच्या दाराशी रिकाम्या बारदानांच्या ढिगावर बसून पाटीखाली गृहपाठ करी. एकदा तिथे बसली असताना चढावर दोन ट्रक समोरासमोर आले आणि ड्रायव्हर खिडकीतून एकमेकांची ख्यालीखुशाली विचारत उभे राहिले. पोरीने वडिलांना विचारले, "बाबा, ह्या गाडीत काय आहे?"

"गहू."

"आणि त्या गाडीत?"

"गहूच."

"मग हा तिकडे नि तो इकडे कशाला चाललाय? दोघांनी आपापल्या गावीच राहायचं ना!"

मास्तर पोट धरून हसले. आठवडाभर टपरीवर त्यांनी दहा हजार पोत्यांऐवजी हीच गोष्ट सांगितली. पुढे पोरगी गणित शिकत शिकत पार वरपर्यंत गेली, आणि धान्य-वाहतुकीच्या मोठ्या ऑफिसात तिला नोकरी लागली, तेव्हा तिने पहिल्याच महिन्यात वरिष्ठांना विचारले, "गहू तिकडून इकडे आणि इकडून तिकडे एकाच वेळी का जातोय?" ह्या वेळी कोणी हसले नाही. ज्या कारकुनाची ज्या गोदामाशी ओळख, त्या गोदामातून त्याच्या गाड्या सुटत. वर्षानुवर्षे हीच रीत होती आणि ती कोणी लावली हेही कोणाला ठाऊक नव्हते.

"म्हणजे तू तिथे नक्की करतेस तरी काय?" एकदा जेवताना मास्तरीणबाईंनी विचारले. "हे टपरीवर सांगतात की तू कॉम्प्युटरला गहू खाऊ घालतेस."

मोजणीबाईने हात चाटला. "आई, मागे आपल्याकडे सगळे पाहुणे राहायला आले होते, आठवतंय? काकाने आल्या आल्या दाराजवळची गादी धरली. मावशीने पंख्याखालची. जो तो आपल्या जवळची गादी धरून आडवा झाला. शेवटी आत्या आली. तिचे गुडघे दुखतात, आणि जागा उरली होती फक्त माळ्यावर."

"अगं बाई, हो! रात्रभर तिला वरखाली करता करता माझी कंबर गेली."

"मग? काकाला माळ्यावर पाठवलं असतं तर?"

"कुरकुरला असता."

"कुरकुरू दे ना. एकट्याला थोडा त्रास, पण घराचा मिळून त्रास कमी. जो तो जवळचं धरतो आणि शेवटच्याला लांबचं उरतं, तसंच धान्याचं आहे. कुठलं गोदाम किती भरायचं, कुठल्या दुकानाला कुठून पाठवायचं, पावसाआधी किती आणि नंतर किती, हे एकेकाचं बघून ठरवलं की आत्या माळ्यावर जाते. सगळ्यांचं एकदम बघायचं. पाहुणे चार असतील तर डोक्यात जमतं. गोदामं चाळीस आणि दुकानं शेकड्यांनी असली की गणित मांडावं लागतं. मी मांडते, कॉम्प्युटर सोडवतो."

मास्तर घास हातात धरून ऐकत होते. त्यांना सगळे कळले असे नाही, पण आपल्या घरातली गादी-उशी घेऊन पोरगी एवढे मोठे काहीतरी समजावते आहे हे कळले आणि त्यांचा ऊर भरून आला. दुसऱ्या दिवशी टपरीवर आत्याची गोष्ट सुरू झाली. आत्या पुढे महिनाभर मास्तरांशी बोलली नाही.

ऑफिसातले साहेब मितभाषी होते, पण कानाचे हलके नव्हते. जुने कारकून म्हणत होते की ह्या धान्याच्या गोष्टी आहेत, शाळेच्या पाटीवरची उदाहरणे नव्हेत. साहेबांनी मोजणीबाईचे गणित शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाले, "एक हंगाम देतो. पण कुठल्याही गोदामात धान्य खराब झालं, किंवा एकाही दुकानाचं शटर धान्य नाही म्हणून खाली आलं, तर पुन्हा जुनी रीत. मग ह्या खोलीत कोणी गणिताचं नाव काढणार नाही." मोजणीबाई हो म्हणाली. घरी येऊन तिने हे सांगितले तेव्हा मास्तर छाती पुढे काढून म्हणाले, "माझ्या गोदामाची काळजीच करू नकोस."

आणि मग हंगामाचा आराखडा आला.

चढावरचे गोदाम पावसाआधी पूर्ण भरायचे होते. का, तेही तिने खाली लिहिले होते. डोंगरातला मोठा रस्ता पावसात तुटतो. मग तिथल्या गावांना धान्य पाठवायचे तर पार पलीकडून वळसा घालून जावे लागते. चढावर साठा असला तर छोट्या गाड्या उघडीप मिळेल तेव्हा मागच्या रस्त्याने वर जातील. म्हणून चढावरचे गोदाम काठोकाठ, आणि काठोकाठ म्हणजे दहा हजार पोती.

मास्तरांनी तो कागद टपरीवर नेला. कॉम्प्युटरनेसुद्धा चाळीस गोदामांतून आपलेच गोदाम निवडले, ही बातमी त्यांनी स्टेशनापर्यंत पोचवली. मुकादम, म्हणजे हमालांच्या टोळीचा म्होरक्या आणि मास्तरांचा तरुणपणापासूनचा सोबती, चहा फुंकत म्हणाला, "मास्तर, दहा हजार? आपल्याकडे इतक्या वर्षांत पाच हजारांच्या वर कधी आलंय?"

"आलंय की! पुराच्या साली!"

"ते पुराच्या साली," मुकादम म्हणाला आणि पुन्हा चहा फुंकू लागला.

ट्रक यायला लागले. पहिले काही दिवस मास्तरांचा आवाज गोदामाच्या पत्र्याला कंप आणत होता. थप्प्या उभ्या राहिल्या, वाटा सुटल्या, लाकडी चौकटी संपल्या तशा नव्या आणल्या. अर्धे गोदाम भरले. मग पाऊण भरले. मागून येणाऱ्या ट्रकांची रांग काही संपेना. घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे अशी गत झाली. मास्तरांचा आवाज हळूहळू खाली येत गेला. एका सकाळी मुकादम खांद्यावरचे पोते तसेच पेलून त्यांच्यासमोर उभा राहिला.

"मास्तर, हे कुठे ठेवू?"

"पुढच्या थप्पीत."

"पुढची थप्पी कुठे? आता राहिली ती वाट." त्याने मानेने दोन थप्प्यांमधली जागा दाखवली. "वाट सोडायची की बुजवायची? तेवढं सांगा. खांदा दुखतोय."

मास्तर त्या वाटेत जाऊन उभे राहिले. दोन्ही हात पसरले तर पोत्यांना लागत होते. आणि इतकी वर्षे गोष्टीतून गळून पडलेले ते सगळे तिथे एकदम त्यांच्या अंगावर आले. पुराच्या साली वाटा नव्हत्याच. हमाल पोत्यांच्या माथ्यावरून रांगत आत जात होते. धुरी द्यायला कुठून जायचे हाच प्रश्न होता. निभावले ते एवढ्याचसाठी की पूर ओसरला आणि थोड्याच आठवड्यांत सगळे धान्य वाटले गेले. ह्या वेळी ते अख्खा पावसाळा इथे राहायचे होते. दहा हजार पोती मावत होती हे खरे होते. पण ती इथे राहू शकत नव्हती.

पोरीने आकडा कुठून घेतला हे विचारायची गरजच नव्हती. बारदानाच्या ढिगावर बसून तिने जे पहिले मोठे आकडे वाचले, ते ह्याच दारावरचे होते.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, मास्तर," मुकादम हळूच म्हणाला. पोते त्याने आता खाली ठेवले होते. "आत्ता बोललात तर पोरीचं पहिलंच गणित चुकलं असं होईल. तिकडे ते कारकून टपूनच बसलेत. भरू कसंतरी. देवाच्या मनात असेल तर टिकेल."

मास्तरांना तो सल्ला गोड लागला, हे लपवण्यात अर्थ नाही. बोलावे तर पाटी जाणार, आयुष्यभराची गोष्ट जाणार आणि वर पोरीचे हसे होणार. न बोलावे तर वाट बुजवून टाका असे आपल्याच तोंडाने सांगायचे. त्यांनी शेजारच्या पोत्यात परखी, म्हणजे दाणे काढून बघायची टोकदार नळी, खुपसली, मूठभर दाणे हातावर घेतले आणि सवयीने नाकाशी नेले. दाणे कोरडे होते, चांगले होते. डोंगरातली माणसे हेच धान्य खाणार होती.

त्यांनी दाणे पोत्यात परत टाकले, दारापाशी गेले, नेहमीच्या जागी खांदा लावला आणि दार ओढून घेतले. बाहेर ट्रकांचे हॉर्न सुरू झाले. मास्तरांनी मुलीला फोन लावला. "बाळ, ताबडतोब ये," एवढेच म्हणाले.

ती आली तेव्हा मास्तर दाराशी उभे होते, मान खाली घालून. सगळे सांगताना ते एकदाही अडखळले नाहीत. पूर, रांगणारे हमाल, बुजलेल्या वाटा, थोडेच आठवडे. टपरीवर त्यांनी ही गोष्ट कधी इतकी पुरी सांगितली नव्हती. "आकडा खोटा नाही, पोरी," ते शेवटी म्हणाले, "पण तो पुराचा आहे. मी सांगता सांगता पूर विसरलो, आकडा तेवढा धरून बसलो. तुझं नाक कापलं मी."

मोजणीबाईने मान वर केली. ती पाटीकडे बघत राहिली.

"बाबा, बाकीच्या एकोणचाळीस गोदामांत मी स्वतः गेले," ती म्हणाली. "फीत लावली, वाटा मोजल्या, तिथल्या माणसांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. एकाही पाटीवर विश्वास ठेवला नाही. फक्त इथे मोजायला आले नाही. इथला आकडा मला पाठ होता."

मास्तरांनी खांदा लावून दार पुन्हा उघडले. मग मास्तर म्हणाले, "आता ये."

दोघे आत गेले. एका थप्पीच्या कडेने गेले, दुसरीच्या कडेने परत आले. मुलगी फीत धरी, बाप टोक धरी. मास्तर तिला सांगत होते की दाराशी एवढी जागा कायम मोकळी हवी, कोपऱ्यात पत्रा घाम धरतो म्हणून तिथे थप्पी नको, वाशांपासून इतके खाली थांबायचे. ती लिहून घेत होती आणि मध्येच उलट विचारत होती, "हे नेहमीचं, की पुराचं?" तिसऱ्यांदा तिने असे विचारले तेव्हा मास्तरांना हसू फुटले. सगळे मिळून आकडा आला साडेसहा हजार.

त्याच दुपारी दोघे साहेबांच्या खोलीत उभे होते. खोलीत जुने कारकूनही जमले होते. असल्या बातम्या ऑफिसात चालत येत नाहीत, धावत येतात.

"चूक माझी आहे, सर," मोजणीबाई म्हणाली. "चढावरच्या गोदामाचा आकडा मी तपासल्याशिवाय गणितात घातला."

"साहेब, आकडा माझा होता," मास्तर म्हणाले. "तिचं गणित बरोबर आहे. मीच तिला चुकीचं पाजलं."

"बाबा, तुम्ही मध्ये बोलू नका."

"का बोलू नको? पाटी कोणाची?"

"गणित कोणाचं?"

"बापलेकीचं भांडण घरी करा," साहेब म्हणाले. "माझ्या साडेतीन हजार पोत्यांचं काय, ते सांगा."

एक जुना कारकून गालात हसला. "वा! कॉम्प्युटरलासुद्धा बापाचं कौतुक."

मोजणीबाई त्याच्याकडे वळली. तिचा आवाज कापत होता, पण शब्द कापत नव्हते. "कॉम्प्युटरला कौतुक कळत नाही, काका. कौतुक मी घातलं. म्हणून तर चूक सापडल्यावर ती दुरुस्तही करता येते. जुन्या रीतीत चूक कुठे आहे हे तरी कोणी सांगू शकेल का?"

कारकुनाचे हसू मिशीत जिरले. मास्तर समोरच्या भिंतीकडे बघत उभे राहिले, कारण मुलीकडे बघितले असते तर डोळे भरले असते, आणि साहेबाच्या खोलीत रडायचे म्हणजे काय!

तिने तिथेच टेबलाच्या कडेला लॅपटॉप उघडला, दहा हजारांच्या जागी साडेसहा हजार लिहिले आणि गणित पुन्हा सोडवायला लावले. चहा यायच्या आत उत्तर आले. उरलेली पोती तीन गोदामांत विभागायची. बाहेर उभ्या ट्रकांतले कुठले कुठे वळवायचे तेही त्यात होते. एकूण खर्च पहिल्या आराखड्यापेक्षा थोडा वाढत होता, पण जुन्या रीतीच्या मानाने अजूनही खूपच कमी होता. साहेबांनी मान हलवली आणि ट्रक वळवायला सांगितले.

मोजणीबाई मात्र पडद्यावरून नजर काढेना.

"आणखी काय?" साहेबांनी विचारले.

"सर, हे गणित आणखी एक गोष्ट सांगतं. समजा एखाद्या गोदामात एका पोत्याची जागा वाढली, तर सगळ्या खर्चात किती बचत होईल, ते. बऱ्याच गोदामांपुढे शून्य येतं. तिथे जागा आधीच पडून आहे, वाढवून काही उपयोग नाही." ती क्षणभर थांबली. "सगळ्यात मोठा आकडा चढावरच्या गोदामापुढे आलाय. दहा हजार लिहिले होते तेव्हा तो एवढा दिसलाच नव्हता, कारण डोंगराला लागणारं जवळजवळ सगळं धान्य इथेच मावेल असंच गणित धरून चाललं होतं. खरा आकडा घातल्यावर दिसला. तिथे वाढलेलं प्रत्येक पोतं डोंगराचा तो सगळा वळसा वाचवतं."

"म्हणजे?" मास्तरांना राहवले नाही.

"म्हणजे बाबा, चाळीस गोदामांत एका पोत्याची जागा सगळ्यात मोलाची कुठे असेल, तर ती तुमच्याकडे."

दहा हजार पोत्यांवर आयुष्यभर बोललेला माणूस एका पोत्यावर गप्प झाला. साहेबांनी पेनाचे टोपण लावले, काढले आणि विचारले, "गोदामाच्या मागे मोकळी जमीन आहे ना?"

"आहे, साहेब," मास्तर म्हणाले, आणि मग चटकन पुढे म्हणाले, "पण ती मोजून घ्या. माझ्या सांगण्यावर जाऊ नका."

साहेब हसले. त्यांना हसताना कारकुनांनी पहिल्यांदाच बघितले असावे.

त्या संध्याकाळी मास्तर शिडी घेऊन पाटीपाशी चढले. मास्तरीणबाई खाली शिडी धरून होत्या. मास्तरांनी दहा हजारांवर पांढरा रंग मारला आणि साडेसहा हजार लिहिले. खाली उतरून दोघे बघत राहिले. "आता तुम्ही टपरीवर काय सांगणार?" मास्तरीणबाईंनी विचारले. त्यांच्या आवाजात नेहमीची धार नव्हती. मास्तर म्हणाले, "सांगण्यासारखं पुष्कळ आहे."

पावसाळा आला आणि ठरल्यासारखा डोंगरातला मोठा रस्ता तुटला. चढावरून छोट्या गाड्या उघडीप बघून वर जात राहिल्या. डोंगरातल्या एकाही दुकानाचे शटर धान्य नाही म्हणून खाली आले नाही. मास्तर रोज वाटांतून फिरत, पोत्यांत हात घालत, दाणे नाकाशी नेत. धान्य शेवटपर्यंत कोरडे खडखडीत राहिले. हंगाम संपल्यावर जुनी रीत पुन्हा आणायचे कोणी बोलले नाही. तो मिशीवाला कारकून तर मोजणीबाईकडे गणित समजून घ्यायला येऊन बसू लागला, आणि तिने त्यालाही आत्याची गोष्ट सांगितली.

मागच्या जमिनीवर नवा भाग उभा राहिला तेव्हा मास्तरांच्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. साहेब स्वतः बघायला आले. मुकादम रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन शिडीपाशी उभा होता. टपरीवरचे लोकही चढ चढून आले होते, कारण आज मास्तर नवा आकडा सांगणार आणि तो ऐकण्यासारखा असणार, ह्याबद्दल कोणालाच शंका नव्हती.

"काय मास्तर," साहेब म्हणाले, "आता किती पोती मावणार? सांगा, लिहून टाकू."

मास्तरांच्या मनात आकडा तयार होता. भिंती चढत होत्या तेव्हापासून ते रोज नजरेने थप्प्या रचत होते. तो चांगला भरघोस आकडा अगदी ओठांपर्यंत आला. मग ते म्हणाले, "मला नका विचारू. तिला विचारा."

सगळे मोजणीबाईकडे बघू लागले. तिने वडिलांकडे बघितले, पर्समधून फीत काढली आणि आत गेली. तिच्या पावलांचा आवाज रिकाम्या गोदामात इकडून तिकडे फिरताना बाहेर ऐकू येत होता. कुठे थांबते, कुठे वळते, ते मास्तरांना न बघता कळत होते. इथे ती कोपरा सोडते आहे. इथे दाराची जागा धरते आहे. इथे वाट.

ती बाहेर आली आणि तिने आकडा सांगितला. तो मास्तरांच्या आकड्यापेक्षा बराच कमी होता. मास्तरांनी मनातल्या मनात थप्प्या पुन्हा रचून बघितल्या आणि फरक कुठे पडला ते त्यांच्या ध्यानात आले. पोरीने वाटा त्यांच्यापेक्षा रुंद सोडल्या होत्या.

मास्तर शिडी चढले, ब्रश रंगात बुडवला आणि तिने सांगितला तोच आकडा पाटीवर लिहायला लागले.